दस आणि दहा

परवा आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एका विद्वानांचं व्याख्यान झालं. विषय होता, बदलत्या यंत्रयुगाशी कामगारानं जुळवून कसं घ्यावं. मी पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे वक्त्यांचे हात नीट दिसले. त्या हातांनी आयुष्यात फार तर पेन्सिलीला टोक काढलं असेल, तेही बहुधा दुसऱ्याकडून. पण बोलले झकास. कामगार लवचीक असावा, म्हणाले. त्यानं जुनं टाकून द्यावं, नवं आत्मसात करावं, मन मोकळं ठेवावं. 'लवचीक' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की शेजारी बसलेले रेल्वेचे रिटायर गार्ड माझ्या कानात म्हणाले, "हे कामगाराबद्दल बोलून राहिले का रबरी नळीबद्दल?" शेवटी अध्यक्षांनी 'कोणाला काही विचारायचं असल्यास' म्हटलं, तेव्हा सगळा हॉल चिवड्याच्या परातीकडे बघत होता. मीही बघत होतो. मला विचारायचं काही नव्हतं. सांगायचं होतं, आणि ते सांगायला फार उशीर झालेला आहे. म्हणून लिहितो.

मी टर्नर होतो. लेथ नावाच्या मशीनवर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो, त्याला धारदार हत्यार टेकवायचं आणि हवा तेवढाच थर काढायचा, हा टर्नरचा धंदा. जबलपूरला लष्कराच्या सरकारी फॅक्टऱ्या आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी त्यातल्या कोणत्या फॅक्टरीत होतो आणि काय बनवत होतो ते सांगणार नाही. नोकरीला लागताना आम्हां सगळ्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. मी ती गुप्तता इतकी कडक पाळली की बायकोलाही कधी काही बोललो नाही. तिला ते भाजीवालीकडून कळलं.

चीनच्या लढाईनंतर दिल्लीला अचानक आमची आठवण झाली. तोवर आमच्या शॉपमधल्या, म्हणजे खात्यातल्या, लेथ अशा होत्या की त्यांचाही रिटायरमेंटचा समारंभ करायला हवा होता. छताखाली एक लांबलचक दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेक मशीन फिरवायचे. पट्टा तुटला की आम्ही शिवायचो. टर्नर असून चांभारकी येणारे आम्हीच. मग एके दिवशी मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून परदेशी मशीनं आली. करडा रंग, पोटातच मोटर, पट्टा नाही, काही नाही. खोकी उघडायला कोणाची सही लागते हे ठरायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत देशाचं संरक्षण खोक्यात होतं. शेवटी खोकी फुटली, नारळ फुटले, हळदकुंकू लागलं. मोठ्या साहेबांनी भाषण केलं की आता उत्पादन तिप्पट होईल. आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "माणसं तिप्पट होतील काय?" उलट होणार होतं, पण ते आम्हांला नंतर कळलं.

खरी गोम मशीनच्या रंगात नव्हती, मापात होती. आमच्या जुन्या लेथवर हत्यार पुढे सरकवायचं चाक असायचं आणि त्या चाकावर रेघा असायच्या. एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आम्ही त्याला 'थाउ' म्हणायचो. कोणी ओरडलं "दस मार", की दहा थाउ आत जायचं. वीस वर्षं आम्ही हेच केलं. नव्या मशीनच्या चाकावरही रेघा होत्याच, पण तिथली एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे जुन्या दहा रेघा म्हणजे नव्या पंचवीस, आणि वर चिमूटभर. जुन्या सवयीनं नव्यावर दहा फिरवलं तर काम अर्धं राहणार, आणि नव्या मापाचे दहा जुने समजून पंचवीस फिरवले तर जास्त कापलं जाऊन दांडा भंगारात. सरकारनं तेव्हा सगळ्या देशाचंच माप बदललं होतं. आमची बायको गजाऐवजी मीटरनं कापड घ्यायला लागली होती. तिनं त्यासाठी कोणताही कोर्स केला नव्हता. "मीटर गजापेक्षा थोडा लांब असतो, एवढं लक्षात ठेवलं की दुकानदार फसवत नाही," इतकंच तिचं प्रशिक्षण. आम्हां पुरुषांना मात्र सहा आठवडे लागणार होते.

कोर्स घ्यायला पुण्याचे एक तरुण साहेब आले. ते तीन महिने परदेशात राहून आले होते आणि ही गोष्ट ते दर पंधरा मिनिटांनी आम्हांला कळवायचे, आम्ही विसरू नये म्हणून. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांची मराठी आणि आमची मराठी यांचं जमत नव्हतं. आम्ही 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की त्यांचा चेहरा दुखऱ्या दाढेला थंड पाणी लागल्यासारखा व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इंच विसरा.' खाली हिंदीतही लिहिलं, म्हणजे कोणाच्या विसरण्यात भेदभाव नको.

वर्गात आम्ही सोळा टर्नर होतो आणि त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे माझे उस्ताद. आधीच्या मोठ्या लढाईत मी भरती झालो तेव्हा ज्या माणसाच्या लेथशी मला उभं केलं, ते हे. यांचं घराणं भोसल्यांच्या काळात शिपाईगिरीसाठी इकडे आलेलं आणि इथंच मुरलेलं. उस्तादांना अक्षरओळख नव्हती. आकडे तेवढे यायचे, तेही चाकावरचे. पण फिरत्या लोखंडाचा आवाज ऐकून ते सांगायचे की हत्याराची धार गेली आहे. दांड्यावरून अंगठा फिरवून म्हणायचे, "दो थाउ आहे अजून," आणि मी मोजलं की दोनच निघायचे. मला त्यांनी सगळं शिकवलं. हत्याराला धार कशी लावायची, फोरमनच्या शिव्या कोणत्या कानानं ऐकायच्या, आणि उन्हाळ्यात दुपारच्या पाळीला मशीनच्या मागे ओलं पोतं कुठं टांगायचं. मी त्यांचा शागीर्द आहे हे सांगताना माझी छाती फुगायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी छाती फुगण्यासारखं काही येणार नाही.

'इंच विसरा' वाचून दाखवल्यावर उस्तादांनी हात वर केला.

"सायब, इंच विसरायचा त नकाशे काहून इंचातच येऊन राहिले?"

प्रश्न बिनतोड होता. मशीनं नवी होती, पण नकाशे निम्मे जुने इंचाचे आणि निम्मे नवे मिलिमीटरचे. एकाच दांड्याचं एक टोक एका मापात आणि दुसरं टोक दुसऱ्या मापात, असंही यायचं.

साहेब म्हणाले, "अहो, ते हळूहळू बदलतील."

"मंग मीबी हळूहळूच विसरतो," उस्ताद म्हणाले आणि खाली बसले.

वर्ग हसला. साहेबही हसले, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

हसणं दुसऱ्या आठवड्यापर्यंतच टिकलं. नोटीस लागली की सहावा आठवडा संपला की परीक्षा होईल. मशीनं आठ आली होती. प्रत्येक मशीनवर दोघांची जोडी राहणार होती, एकानं नकाशा वाचून माप पुकारायचं, दुसऱ्यानं मशीन चालवायचं. परीक्षाही जोडीनंच. काम बिघडलं तर ज्याची चूक त्याला मशीनवरून काढून यार्डात पाठवणार. यार्ड म्हणजे शेडच्या मागचं उघडं मैदान. तिथं दिवसभर लोखंडाचा कीस गाडीत भरायचा आणि गाडी ढकलत वजनकाट्यापर्यंत न्यायची. मे महिन्यात त्या गाडीच्या दांड्याला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता यायचा नाही. नोटिशीत याला 'पर्यायी काम' असा गोड शब्द होता.

उस्तादांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली होती आणि त्यांचे दोन्ही गुडघे आधीच रिटायर झाले होते. नोटीस मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "तीन वर्सं मशीनवर काढू दे मले. यार्डात मी मरत नाही, पण लोकं म्हणतीन, याले येत नव्हतं." आणि मग या माणसानं, ज्यानं मला हत्यार धरायला शिकवलं, मला विचारलं, "तू माझ्यासंगं जोडी करशील का?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मग रोज संध्याकाळी पाळी सुटली की उस्ताद सायकलवरून मदन महलला आमच्या भाड्याच्या खोल्यांवर यायला लागले. मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर कडेनं खिळ्यानं शंभर रेघा ओढल्या आणि डब्यावर एक खूण केली. झाकण फिरवलं की नव्या मशीनचं चाक तयार. बायको म्हणाली, "सरकारकडे मशीन आहेत ना, मग माझा डबा काहून?" मी म्हटलं, देशासाठी. ती म्हणाली, देशाला सांगा पोळ्या लाटायच्या वेळेला डबा लागतो. मग तडजोड झाली. पीठ काढून परातीत ठेवायचं, तिनं पोळ्या लाटायच्या आणि समोर आम्ही झाकण फिरवायचं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. उस्तादांचा हात रेघेवर बरोबर थांबायचा, पण कोणत्या रेघेवर थांबायचं तिथं गोंधळ. मी म्हणायचो, "दस, इंचाचे." ते पंचवीस रेघा फिरवायचे, बरोबर. मी म्हणायचो, "दस, मिलिमीटरचे." ते पुन्हा पंचवीस. आकडा कानावर पडला की पुढचं शेपूट त्यांना ऐकूच यायचं नाही. वीस-तीस वर्षं त्या शब्दाबरोबर हात फिरला होता, तो शेपटासाठी कशाला थांबेल? एका संध्याकाळी त्यांनी झाकण बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "राहू दे. डोकं नाही राहिलं आता."

बायकोनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "काका, साखर किती?"

"दोन," उस्ताद म्हणाले, आणि एकदम थांबले. मग माझ्याकडे वळले. "पाह्य बे. घरात मी दोन म्हणतो. फॅक्टरीत कधी दोन म्हटलं का मी? तिथं दो. आपण तिथं हिंदीतच मोजतो. माझ्या डोक्यात जुनं माप हिंदीत बसून आहे. त्याले काहून उठवतो? बसू दे त्याले. नवं माप तू मले मराठीत सांग."

झालं. दस म्हणजे थाउ, जुनं माप. दहा म्हणजे नव्या रेघा. मी 'दस' म्हटलं की ते पंचवीस रेघा फिरवणार, 'दहा' म्हटलं की दहा. बीस वेगळे, वीस वेगळे. चार, तीस असे काही आकडे दोन्ही भाषांत सारखे निघाले, म्हणून तिथं जुन्याला हिंदीतला भैया जोडून 'चार भैया' आणि नव्याला आमच्या मराठीतला गा जोडून 'चार गा' असं ठरलं. त्या दिवसापासून उस्तादांचा हात चुकला नाही. मी उलटसुलट कसंही पुकारलं, भराभर पुकारलं, तरी झाकण बरोबर त्या रेघेवर थांबायचं. बायको लाटता लाटता मध्येच ओरडायची, "तीस गा!" आणि उस्ताद हसत हसत तीसवर थांबायचे. परदेशात तीन महिने राहून जी विद्या आली नसती ती आमच्या स्वयंपाकघरात एका चहात आली. आणि ती काढली कोणी, तर ज्याला सही करता येत नव्हती त्यानं. व्याख्यात्यांनी याला काय म्हटलं असतं कोण जाणे. 'जुनं टाकून द्या' या त्यांच्या मुद्द्यात ते बसत नव्हतं, कारण उस्तादांनी जुनं टाकलंच नाही. त्याला बसायला जागा दिली आणि नव्याला शेजारी दुसरं आसन टाकलं.

वर्गात आम्ही दहा, वीस, पंधरा असं मोजायला लागलो तेव्हा पुण्याचे साहेब फार खूश झाले. त्यांना वाटलं, त्यांच्या सहवासानं आमची मराठी सुधारून राहिली आहे. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. साहेबाला खूश ठेवायला इतका स्वस्त उपाय पुन्हा मिळाला नसता. तो गैरसमज तेव्हाच दूर केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, हे आता लिहिताना लक्षात येतं.

परीक्षेला दोन आठवडे बाकी होते आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना खाकी कागद लागले, सायरनच्या तालमी सुरू झाल्या, पाळ्या लांबल्या. आमच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून डोक्यावर टोप घालून लोकांचे दिवे बंद करत फिरायला लागले. आयुष्यभरात त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी त्या दिवसांत वसूल करून घेतलं. आणि फॅक्टरीत हुकूम आला की परीक्षा वेळेच्या आधी, म्हणजे उद्याच. शत्रू काही आमच्या वेळापत्रकासाठी थांबणार नव्हता.

आमचा नंबर सकाळी आला. दांड्याचं एक टोक इंचाच्या नकाशाचं, दुसरं मिलिमीटरच्या. पुण्याचे साहेब हातात कागद घेऊन बाजूला उभे. मी नकाशा वाचून पुकारत होतो आणि उस्ताद चाक फिरवत होते. पहिलं टोक हिंदीत गेलं. बीस. दस. चार भैया. साहेबांनी भैया कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं. माप घेतलं, टोक अगदी बरोबर. मग दुसरं टोक. पन्नास. वीस. वीस. लोखंडाचं निळसर वेटोळं सुरेख निघत होतं. उस्तादांच्या कपाळावर घाम होता, पण तोंडावर हसू होतं. माप घेतलं. आता शेवटचा हात राहिला होता, दहा रेघांचा, की झालं.

मी तोंड उघडणार एवढ्यात मोठे साहेब आले. बरोबर दोन गणवेशातले अधिकारी. लढाईच्या दिवसांत गणवेश दिसला की आमच्या शॉपमध्ये खांबसुद्धा ताठ व्हायचे. मीही झालो. मोठे साहेब थेट माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "अब कितना बाकी है?"

मी टाचा जुळवून, छाती काढून, शेडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दस, साहब!"

उस्तादांचा हात फिरला.

मला ते दिसलं. पंचवीस रेघा, ना एक कमी ना एक जास्त. हत्यार टेकलं आणि वेटोळं जाड निघालं. जाड वेटोळं काय असतं हे टर्नरला सांगावं लागत नाही. उस्तादांनी मशीन बंद केलं. पुण्याच्या साहेबांनी मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला. पंधरा रेघा जास्त खाल्ल्या होत्या. दांडा गेला.

मोठे साहेब पुढच्या मशीनकडे गेले. पुण्याचे साहेब वैतागले होते, पण नियमानं वागणारे होते, त्यांनी आधी मला विचारलं, "तुम्ही काय पुकारलंत?"

"दस," मी म्हटलं.

त्यांनी नकाशा पाहिला. "बरोबर आहे. दहाच हवे होते." त्यांच्या दृष्टीनं दस काय आणि दहा काय, एकच. पुण्यातच काय, जगात कुठंही एकच. फक्त आमच्या पिठाच्या डब्यावर ते वेगळे होते. मग ते उस्तादांकडे वळले. "मग तुम्ही पंचवीस का फिरवलेत?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, जसं आम्ही काम करताना पुढचा आकडा ऐकायला माझ्याकडे बघायचे तसं. मग साहेबांना म्हणाले, "हात माझा फिरला, सायब."

हे खरं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. उरलेलं खरं सांगायचं काम माझं होतं. दोन वाक्यं पुरली असती. साहेब, आमच्यात दसचा अर्थ वेगळा आहे. चूक माझी आहे. ती माझ्या जिभेवर होती, आणि त्याच वेळी मला यार्डातली ती गाडी दिसली, आणि घरची दोन मुलं दिसली, आणि ज्याची चूक त्यानं यार्डात जायचं ही नोटीस तर मीच वाचून दाखवली होती. मी नकाशाची घडी घातली. नीट चौकोनी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. वक्त्यांना ज्या लवचीकपणाचं एवढं कौतुक होतं तो मी त्या दिवशी पुरेपूर दाखवला. माझ्या कण्यात एक हाड राहिलं नव्हतं.

साहेबांनी कागदावर लिहिलं, चालकाची चूक. माझ्यापुढे लिहिलं, उत्तीर्ण.

घरी आलो तर बायकोनं पीठ परातीत काढून ठेवलं होतं आणि झाकण पाटावर होतं. "काका नाही आले? पास झाले ना?" मी म्हटलं, मी झालो, ते नाही. दहाच्या जागी पंचवीस फिरवले त्यांनी. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"पंचवीस?" ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही दस म्हटलं."

मी हातपाय धुवायला मोरीत गेलो. परत आलो तेव्हा पीठ डब्यात भरलेलं होतं आणि झाकण लावलेलं होतं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

माझं पुढे उत्तम चाललं. मला नवं मशीन मिळालं, जोडीला दुसरा टर्नर मिळाला. लढाई संपल्यावर 'नवतंत्र आत्मसात करणारे कामगार' या मथळ्याखाली माझा फोटो गेटजवळच्या काचेच्या फळ्यावर लागला. त्यात मी एका मशीनवर हात ठेवून हसतो आहे. वर्षभरानं पुढच्या तुकडीला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी फळ्यावर कधी 'इंच विसरा' लिहिलं नाही, पण दस आणि दहाची युक्तीही कोणाला सांगितली नाही. ती सांगायची तर ती कोणाची आणि तो माणूस आता कुठं आहे, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून माझे विद्यार्थी सहा आठवडे रडत रडत शिकले, आणि दोघं-तिघं यार्डात गेले.

उस्ताद यार्डात कीस ओढत होते. आमच्या शेडमधून कॅन्टीनला जायचा सरळ रस्ता यार्डातूनच होता. मी तीन वर्षं पेंटशॉपला वळसा घालून गेलो. पेंटशॉपवाले विचारायचे, रोज इकडून काहून? मी म्हणायचो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. कधी समोरासमोर आलोच तर उस्ताद "काय बे, बरा आहेस?" म्हणायचे आणि मी बरा आहे म्हणायचो. गाडी ढकलताना त्यांचा एक पाय ओढला जायचा. मदतीला मी कधी हात लावला नाही, कारण हात लावला असता तर तोंडही उघडावं लागलं असतं.

ते रिटायर झाले त्या दिवशी यार्डाच्या सुपरवायझरनं झेंडूचा हार घातला आणि समोसे दिले. यार्डातले सात-आठ जण होते. टर्निंग शॉपमधून मी एकटा गेलो. भाषणात सुपरवायझर म्हणाला की यांनी तीन वर्षं निष्ठेनं सेवा केली. आधीची सगळी वर्षं त्याला माहीतच नव्हती. समोसे संपल्यावर मी त्यांच्याबरोबर गेटबाहेर सायकल-स्टॅण्डपर्यंत चालत गेलो. हार त्यांनी काढून सायकलच्या हँडलला अडकवला. कुलूप उघडायला खाली वाकले तेव्हा मी म्हटलं. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच म्हणू शकलो.

"उस्ताद, त्या दिवशी चूक माझी होती. मी दस म्हटलं होतं."

"मले माहीत आहे," ते कुलपाशी झटत म्हणाले. "बहिरा थोडीच आहे मी."

"मग तुम्ही साहेबाला काहून नाही सांगितलं?"

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कुलूप खिशात घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझी सगळी हत्यारं, मीच धार लावलेली, फडक्यात बांधून यार्डात घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "स्टोअरवाला जमा करायले रोज मागून राहिला होता. मी म्हणे, उद्या देतो. म्हटलं तू सांगशील, आणि मले परत बोलावतीन. आठ दिवस नाही देल्ली मी."